जी-वन, जी-टू, फुल जी: ऑन्टारियोत नवीन ड्रायव्हरचा इन्शुरन्स आटोक्यात कसा ठेवायचा

मी कॅनडातल्या ऑन्टारियोत आले त्याच वर्षी फुल जी म्हणजे इथलं पूर्ण लायसन्स (जी-वन, जी-टूनंतरचा शेवटचा टप्पा) काढलं होतं, नाशिकला सात वर्षं गाडी चालवलेली आणि तिथल्या आरटीओचं पत्र सोबत होतं त्यामुळे ते लवकर झालं. पुढची चार वर्षं घरात एकच गाडी, ती नवरा चालवायचा आणि मी बसने जायचे. पॉलिसीत माझ्या नावापुढे घरात राहते पण गाडी चालवत नाही असं लिहिलेलं. मग मला मिल्टनला नोकरी लागली, दुसरी गाडी घ्यायचं ठरलं आणि मी कोटसाठी, म्हणजे इन्शुरन्सचा प्रीमियम किती पडेल ते विचारायला, फोन केला. पलीकडच्या बाईंनी विचारलं लायसन्स कधीपासून आहे, मी सांगितलं चार वर्षं आणि एकही तिकीट, म्हणजे वाहतुकीचा दंड, नाही. मग त्यांनी विचारलं, ड्रायव्हर म्हणून इन्शुरन्सवर नाव किती वर्षं आहे? मी म्हटलं घरात पॉलिसी आहे ना. त्या म्हणाल्या ती तुमच्या मिस्टरांची, त्यात तुम्ही ड्रायव्हर म्हणून कधी धरलेल्याच नाही. आणि जो आकडा आला तो नवऱ्याच्या प्रीमियमच्या दुपटीपेक्षा जास्त होता, तेच घर, तोच पोस्टल कोड, जवळपास तशीच गाडी.

त्या दिवशी मला कळलं की इथे तुमच्या नावाच्या दोन वह्या असतात. एक सरकारची, म्हणजे लायसन्सची, त्यात जी-वन कधी, जी-टू कधी, जी कधी, तिकिटं किती हे सगळं. दुसरी इन्शुरन्सची, त्यात तुम्ही किती वर्षं सलग कुणाच्या तरी पॉलिसीवर ड्रायव्हर म्हणून आहात, क्लेम किती झाले, पैसे थकवून पॉलिसी कधी बंद पडली का. नवीन ड्रायव्हरला बहुतेक सगळे जण पहिल्या वहीबद्दल सांगतात, ड्रायव्हिंग स्कूलवाले पण तेवढंच सांगतात, आणि प्रीमियम मात्र दोन्ही वह्या समोर ठेवून ठरतो. माझा मुलगा १६ वर्षांचा झाला आणि भाची किचनरला शिकायला आली तेव्हा मी दोघांचं सगळं पहिल्या दिवसापासून लिहून काढून केलं, तेच इथे सांगते.

आधी टप्पे थोडक्यात

टप्प्याटप्प्याने लायसन्स द्यायची ही पद्धत न्यूझीलंडने १९८७ साली आणली आणि ऑन्टारियोत ती १ एप्रिल १९९४ पासून आहे. मागचं कारण साधं आहे, नवीन माणूस एकट्याने गाडी चालवायला लागतो त्यानंतरचे पहिले काही महिने सगळ्यात धोक्याचे असतात, म्हणून त्याला आधी सोप्या परिस्थितीत चालवू द्यायचं आणि मग एकेक बंधन काढायचं.

जी-वनला वय किमान १६, डोळ्यांची तपासणी आणि ४० प्रश्नांची लेखी परीक्षा, २० खुणांचे आणि २० नियमांचे, दोन्ही भागात किमान १६ बरोबर यायला हवेत. जी-वनवर एकट्याने चालवता येत नाही, शेजारी किमान ४ वर्षांचा अनुभव असलेला फुल लायसन्सवाला बसलेला हवा, पुढच्या सीटवर तो एकटाच, रात्री १२ ते पहाटे ५ गाडी चालवायची नाही, दारूचा थेंबही नाही, आणि ४०० नंबरच्या हायवेवर, क्यूईडब्ल्यू, डॉन व्हॅली पार्कवे, गार्डिनर अशा रस्त्यांवर जायचं नाही (लायसन्सवाला इन्स्ट्रक्टर शेजारी असेल तर चालतं). भाचीला मी मुद्दाम सांगितलं कारण किचनरमधला कॉनेस्टोगा पार्कवे पण याच यादीत येतो आणि तिथल्या मुलांना तो गावातला रस्ता वाटतो.

१२ महिन्यांनी रोड टेस्ट देऊन जी-टू. आता एकट्याने चालवता येतं, हायवेवर पण जाता येतं, दारू मात्र अजूनही शून्यच. १९ किंवा त्याखालच्या वयाच्या मुलांना पहिले ६ महिने रात्री १२ ते ५ मध्ये १९ किंवा त्याहून लहान असा एकच पॅसेंजर घेता येतो, नंतर तीन, घरची माणसं असतील किंवा शेजारी फुल लायसन्सवाला असेल तर ही अट नाही. मग पुन्हा किमान १२ महिने, हायवेवरची दुसरी रोड टेस्ट आणि फुल जी. हे सगळं जी-वन काढल्यापासून ५ वर्षांत पुरं करायचं.

आता इन्शुरन्स कंपनी याच्याकडे कशी बघते ते समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. जी-वनवाल्याच्या शेजारी कायम जाणता माणूस आहे, रात्री नाही, हायवे नाही, म्हणून बहुतेक कंपन्या घरच्या पॉलिसीवर जी-वनवाल्याचं नाव लिहून घेतात पण जास्तीचे पैसे लावत नाहीत. जी-टू मिळालं की शेजारची सीट रिकामी झाली, तिथून पैसे लागायला सुरुवात, आणि तोच सगळ्यात महाग काळ. फुल जी मिळालं की थोडं कमी होतं. थोडंच हं, जी पास झालो की प्रीमियम अर्धा होणार अशी समजूत खूप जणांची असते आणि मग निराशा होते. पायरी बदलल्याने फरक पडतो पण त्याहून मोठा फरक वर्षं साचण्याने पडतो, म्हणजे जी-टू कधी मिळालं ती तारीख आणि त्यानंतर किती काळ काही गडबड न होता गेला. बऱ्याच कंपन्या अनुभवाची वर्षं जी-टूच्या तारखेपासून मोजतात, म्हणून जी-टू वर्षभर पुढे ढकललं की इन्शुरन्सही वर्षभर महागच राहतो.

जी-वन लवकर काढा आणि घरी सांगा

मुलाने लायसन्स काढायचं म्हटलं की आपल्याकडे आईवडिलांना वाटतं की आत्ता काय घाई आहे, कॉलेजला गेल्यावर बघू, इन्शुरन्स वाढेल. पण जी-वनने इन्शुरन्स सहसा वाढत नाही आणि १२ महिने मोजायला सुरुवात होते. तुम्हाला गाडी आत्ता घ्यायची नसली, मुलगा चालवणार नसला तरी तारीख लागून जाऊ दे.

ज्या दिवशी जी-वन हातात येईल त्या दिवशी ब्रोकरला किंवा कंपनीला कळवा. पैसे वाढणार नाहीत मग कशाला कळवायचं असं वाटतं, पण घरात लायसन्स असलेली प्रत्येक व्यक्ती कंपनीला माहीत असायला हवी अशी अपेक्षा असते, आणि प्रॅक्टिस करताना पार्किंगमध्ये कुणाच्या गाडीला घासलं तर त्याच वेळी हे नाव पहिल्यांदा पुढे यायला नको. फोन नको, ईमेल करा आणि उत्तर जपून ठेवा.

आणि जी-वनवर असताना स्वतःच्या नावाने गाडी घेऊन एकट्याच्या नावाने पॉलिसी काढायचा विचार करत असाल तर थांबा. कायद्याने गाडी नावावर घेता येते पण घरात दुसरा फुल लायसन्सवाला नसेल तर पॉलिसी द्यायला कंपन्या सहसा तयार होत नाहीत.

भारतातला अनुभव असेल तर

इथे आल्यावर रहिवासी झाल्यापासून ६० दिवस आपलं भारतातलं लायसन्स चालतं, त्यानंतर ऑन्टारियोचं हवं. भारतासोबत थेट अदलाबदलीचा करार नाहीये त्यामुळे लेखी आणि रोड टेस्ट द्याव्याच लागतात, पण अनुभवाचं क्रेडिट मिळतं. एक वर्षाहून जास्त अनुभव असेल तर जी-वननंतर १२ महिने न थांबता जी-टूची टेस्ट देता येते आणि गेल्या तीन वर्षांत दोन वर्षांहून जास्त असेल तर थेट जीची. त्यासाठी लायसन्स देणाऱ्या ऑफिसचं अधिकृत पत्र लागतं, म्हणजे आपल्या आरटीओचं, किंवा वकिलातीकडून आलेलं, त्यात पहिल्यांदा लायसन्स कधी मिळालं, कोणत्या वर्गाचं, सध्या चालू आहे का हे स्वच्छ लिहिलेलं असावं. सारथी पोर्टलवर डीएल एक्स्ट्रॅक्टची सोय आहे, ते काढून आरटीओचा सही-शिक्का विमानात बसायच्या आधीच घ्या, इथे आल्यावर मामाला आरटीओच्या चकरा मारायला लावणं फार अवघड जातं. लायसन्स रिन्यू करताना जुनं कार्ड जमा झालं असेल तर नवीन कार्डावर कधीकधी आधीची वर्षं दिसतच नाहीत, ते आधी तपासा.

अजून एक कागद खूप जण विसरतात, आपल्या गाडीच्या इन्शुरन्सचं नो क्लेम बोनसचं पत्र. भारतात हा बोनस २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत चढत जातो आणि तो गाडीचा नसून माणसाचा असतो, गाडी विकली तरी तुमच्या नावावर राहतो. ऑन्टारियोतल्या सगळ्याच कंपन्या हे पत्र मानत नाहीत, पण काही मानतात किंवा निदान काही वर्षांचा अनुभव धरतात, आणि कागद हातात नसेल तर विचारताही येत नाही. शेवटच्या तीन-चार वर्षांच्या पॉलिसी आणि क्लेम नाही असं कंपनीच्या लेटरहेडवर इंग्रजीत लिहून घ्या.

थेट जी मिळालं तर छानच, पण त्याने सगळं झालं असं समजू नका, माझं तेच झालं होतं. कार्डावर फुल जी आहे म्हणजे सरकारच्या वहीत तुम्ही अनुभवी, इन्शुरन्सच्या वहीत अजून पहिलं पानसुद्धा लिहिलेलं नाही. म्हणून घरात एक गाडी असेल आणि नवरा-बायको दोघांकडे लायसन्स असेल तर दोघांची नावं ड्रायव्हर म्हणून घाला. थोडे पैसे वाढतील, काही वेळा लग्न झालेल्या दोघांची नावं असली तर वाढतही नाहीत, ब्रोकरला दोन्ही आकडे विचारा. आपल्या घरांमध्ये हे फार होतं, बाईकडे लायसन्स असतं, गाडी हेच चालवतात म्हणून नाव घालत नाहीत, आणि पाच वर्षांनी तिला नोकरीसाठी गाडी लागते तेव्हा तिने शून्यापासून सुरू करायचं. महिन्याचे पंधरा-वीस डॉलर वाचवून पुढे काही हजार भरायला लागतात, मी भरलेत म्हणून इतकं कळकळीने सांगतेय.

कोर्स कराच, आणि नोंद झाली का ते बघा

बीडीई म्हणजे नवीन ड्रायव्हरचा सरकारमान्य कोर्स, एकूण ४० तासांचा, त्यात २० तास वर्ग (आता बऱ्याच ठिकाणी ऑनलाइन), १० तास गाडीत इन्स्ट्रक्टरबरोबर आणि १० तास घरचा अभ्यास वगैरे. याचे दोन फायदे. एक, जी-वनवरचे १२ महिने कमी होऊन ८ होतात, म्हणजे अनुभवाची वर्षं चार महिने आधी मोजायला लागतात. दुसरा, बहुतेक कंपन्या नवीन ड्रायव्हरला या कोर्सबद्दल सूट देतात, आणि ती साधारण पहिली तीन वर्षं असते, म्हणजे नेमकं जेव्हा प्रीमियम सगळ्यात जास्त असतो तेव्हा. जी-टू असलेल्या तरुण मुलाच्या बाबतीत ही सूट कोर्सच्या फीपेक्षा जास्त भरू शकते, पण हे प्रत्येक कंपनीत वेगळं असतं म्हणून कोर्सला पैसे भरायच्या आधी ब्रोकरला दोन कोट काढायला सांगा, एक कोर्ससह आणि एक कोर्सशिवाय, दोन आकड्यांमधला फरक म्हणजे तुमच्या कोर्सची खरी किंमत.

आता जपून राहायची गोष्ट. कोपऱ्यावरचा कुणी अंकल दहा लेसन स्वस्तात देतो, शिकवतोही चांगलं, पण त्याने बीडीई होत नाही. स्कूल सरकारच्या मान्यताप्राप्त यादीत असायला हवं, यादी ऑन्टारियो सरकारच्या वेबसाइटवर आहे आणि स्कूलची मान्यता जाऊही शकते, म्हणून ज्या दिवशी पैसे भरणार त्याच दिवशी बघा.

आमच्या ओळखीच्या एका मुलीने पूर्ण कोर्स केला, सर्टिफिकेट छापून दिलं, आणि आठ महिन्यांनी टेस्टची तारीख घ्यायला गेली तर सिस्टिम म्हणते १२ महिने झालेले नाहीत. स्कूलने कोर्स पूर्ण झाल्याची नोंद सरकारी सिस्टिममध्ये केलीच नव्हती. रोज फोन, आज करतो उद्या करतो, यात सहा आठवडे गेले आणि इन्शुरन्सवाल्यांनी पण ती नोंद दिसेपर्यंत सूट धरली नाही. कंपन्या छापील कागदावर फारसा विश्वास ठेवत नाहीत, त्या लायसन्सच्या रेकॉर्डवर बीडीईची तारीख बघतात. सर्व्हिस ऑन्टारियो या सरकारी ऑफिसकडून लायसन्स हिस्टरीचा रिपोर्ट मागवता येतो, त्यात ही तारीख येते. माझ्या मुलाच्या वेळी मी स्कूलला आधीच सांगितलं होतं की शेवटचा हप्ता नोंद दिसल्यावर देईन, आणि त्यांनी दुसऱ्या दिवशी नोंद केली.

जी-टूच्या दिवशी

मुलगा टेस्ट पास होऊन बाहेर आला तो गुरुवार होता, दुपारचे दोन वाजलेले, आणि त्याला तिथूनच गाडी चालवत घरी यायचं होतं. मी चालवू दिलं नाही. म्हणजे त्याच्यावर विश्वास नव्हता असं नाही, पण इन्शुरन्सच्या कागदावर तो अजून जी-वन होता. डोकं थंड ठेवून गाडीतूनच ब्रोकरला फोन केला, तात्पुरत्या लायसन्सच्या कागदाचा फोटो पाठवला, त्यांनी अर्ध्या तासात नाव बदलून ईमेल केलं, तोवर आम्ही पार्किंगमध्ये बसून सामोसे खाल्ले. मग तो घरी घेऊन आला.

या फोनवर एक गोष्ट नीट ठरवून घ्यायची असते आणि तीच पैशाच्या दृष्टीने सगळ्यात मोठी आहे. प्रत्येक गाडीला एक मुख्य ड्रायव्हर असतो, त्याच्या रेकॉर्डवर त्या गाडीचा प्रीमियम ठरतो, बाकीचे अधूनमधून चालवणारे. घरात दोन गाड्या आणि तीन ड्रायव्हर असतील तर मूल अधूनमधून चालवणारं धरलं जातं, पैसे वाढतात पण आटोक्यात. पण तीन ड्रायव्हर आणि तीन गाड्या झाल्या की कंपनी म्हणणार प्रत्येकाला एक गाडी, म्हणजे जी-टूवालं मूल आपोआप एका गाडीचं मुख्य ड्रायव्हर आणि त्या गाडीचा प्रीमियम एकदम वर. त्यामुळे मुलासाठी म्हणून जुनी स्वस्त गाडी घ्यायची कल्पना असेल तर गाडीच्या किमतीकडे बघून ठरवू नका, आधी तिसऱ्या गाडीसह कोट काढा. आमच्याकडे जुनी गाडी विकायची राहिली होती, ती महिनाभर आधी विकली आणि मग टेस्ट दिली.

मूल दुसऱ्या गावी शिकायला गेलं आणि गाडी सोबत नेली नाही तर बऱ्याच कंपन्या सूट देतात, अंतराची अट असते, अनेक ठिकाणी १०० किलोमीटर. ही सूट कुणी आपणहून देत नाही, मागावी लागते. आणि नाव काढून टाकू नका, फक्त सूट घ्या, नाव राहिलं तर त्याची इन्शुरन्सची वही भरत राहते.

काही जण मुलाला पॉलिसीतून वगळायचा फॉर्म भरतात, ओपीसीएफ २८ए म्हणतात त्याला. त्याने प्रीमियम वाढत नाही हे खरं. पण मग त्या मुलाने ती गाडी एकदाही, अगदी शेजारच्या दुकानात जायला सुद्धा चालवायची नाही, चालवली आणि काही झालं तर जवळपास कव्हरच नाही, गाडी गेली आणि समोरच्याच्या नुकसानाचा दावा आपल्यावर. मूल खरंच परगावी आहे आणि किल्लीला हात लावणार नाही अशी खात्री असेल तरच विचार करा. मी केला नाही.

खोटं सांगू नका, मनापासून सांगते

गाडी मुलाची, चालवतो मुलगा, पॉलिसी बाबांच्या नावाने आणि मुलगा अधूनमधून चालवणारा. किंवा राहतो ब्रॅम्पटनला आणि पत्ता दिला लहान गावातल्या मित्राचा, कारण ब्रॅम्पटनचे दर जास्त असतात. हे दोन्ही सल्ले आपल्याच माणसांकडून मिळतात, चांगल्या मनाने मिळतात. पण अपघात झाला की कंपनीचा माणूस विचारतो गाडी रोज कुठे उभी असते, कॉलेजला कोण नेतं, आणि चौकशीत ते बाहेर येतं. क्लेम नाकारला जाऊ शकतो, पॉलिसी खोट्या माहितीमुळे रद्द झाली की ते तुमच्या नावापुढे लागतं, आणि मग नेहमीच्या कंपन्या दारात उभं करत नाहीत, हाय रिस्कवाल्यांकडे जावं लागतं जिथे प्रीमियम कितीतरी पट असतो. इन्शुरन्स न काढताच चालवणं तर विचारात सुद्धा घेऊ नका, पहिल्याच वेळी दंड ५,००० ते २५,००० डॉलर, शिवाय लायसन्स एक वर्षापर्यंत सस्पेंड आणि गाडी तीन महिन्यांपर्यंत जप्त होऊ शकते.

तिकिटं

जी-वन आणि जी-टूवाल्यांना नियम जास्त कडक आहेत. चार किंवा जास्त डिमेरिट पॉइंटचा (वाहतुकीच्या गुन्ह्याबद्दल लायसन्सवर लागणारे गुण) एकच गुन्हा झाला तर पहिल्यांदा ३० दिवस लायसन्स बंद, दुसऱ्यांदा ९० दिवस, तिसऱ्यांदा लायसन्सच रद्द आणि परत पहिल्यापासून. गाडी चालवताना हातात फोन धरला तरी हेच, ३०, ९०, रद्द, आणि दंड वेगळा. सिग्नलला थांबलेलं असताना मेसेज बघितला तरी तो गुन्हाच आहे, मुलांना हे कळत नाही.

खूप जण म्हणतात पॉइंट दोन वर्षांनी जातात म्हणजे सुटलो. पॉइंट सरकारसाठी, इन्शुरन्स कंपनी पॉइंट बघत नाही, ती तुम्ही दोषी ठरलात ते बघते आणि साधारण तीन वर्षं बघते. तुमच्या चुकीने झालेला अपघात तर साधारण सहा वर्षं, काही ठिकाणी अजून जास्त. म्हणजे जी-टूच्या पहिल्या वर्षात झालेली चूक शिक्षण संपून नोकरी लागेपर्यंत प्रीमियममध्ये दिसते.

किरकोळ धडकेबद्दल एक नियम माहीत असू द्या, १ जून २०१६ पासूनचा. कुणालाही लागलं नाही, नुकसान प्रत्येक गाडीमागे २,००० डॉलरच्या आत, चूक करणाऱ्याने स्वतःच्या खिशातून भरलं आणि कुठल्याच इन्शुरन्स कंपनीने पैसे दिले नाहीत, तर तीन वर्षांत अशा एका अपघातावरून कंपनी प्रीमियम वाढवू शकत नाही. म्हणून पार्किंगमध्ये घासलं तर घाबरून क्लेम करायच्या आधी गॅरेजमध्ये दाखवून खर्च किती ते विचारा. अपघात झाल्याचं कंपनीला कळवायचंच असतं, ते लपवू नका, फक्त क्लेमचे पैसे घ्यायचे की नाही ते नंतर ठरवा.

जीची टेस्ट लांबवू नका

जी-टूवर सगळं करता येतं म्हणून मुलं जीची टेस्ट विसरून जातात आणि पाच वर्षं संपत आली की धावपळ, तारखा मिळत नाहीत, दोन तास लांबच्या गावात टेस्ट द्यायला जायचं. १२ महिने पूर्ण होतात तो दिवस कॅलेंडरवर लिहा आणि त्याच्या दोन-तीन महिने आधी टेस्टची तारीख बघायला लागा. टेस्टच्या आधी हायवे अनुभवाचा फॉर्म भरायचा असतो, मागच्या तीन महिन्यांत किमान पाच वेळा हायवेवर चालवलंय असं लिहून द्यायचं, ते खरोखर चालवलेलं असू द्या. भाचीला आम्ही दर रविवारी ४०१ वर न्यायचो, मर्ज करताना आरशात बघून मग खांद्यावरून मागे बघणं हे तिला आठव्या-नवव्या वेळी अंगवळणी पडलं.

पास झाल्यावर पुन्हा ईमेल. काही कंपन्या त्याच दिवसापासून प्रीमियम बदलतात, काही पुढच्या रिन्यूअलला, आणि तुम्ही सांगितलं नाही तर काही जणांकडे तो बदल होतच नाही. आणि त्याच आठवड्यात दुसरीकडेही कोट काढून बघा, नवीन ड्रायव्हरला एक कंपनी जे लावते आणि दुसरी जे लावते त्यात खूप अंतर असतं, अनुभव वाढला की कंपन्यांचा क्रमही बदलतो.

कोट घेताना

तिन्ही-चारही ठिकाणी सारखंच कव्हर सांगा नाहीतर तुलना होत नाही. समोरच्याच्या नुकसानीचं कव्हर कायद्याने किमान २ लाख डॉलर आहे पण तेवढ्यावर थांबू नका, १० लाख किंवा २० लाख घ्या, त्यातला फरक त्या मानाने फार नसतो आणि नवीन ड्रायव्हर घरात असताना इथे काटकसर करायची नाही. काटकसर करायची तर जुन्या गाडीवर कोलिजन कव्हर (धडकेत आपल्याच गाडीच्या नुकसानीचं) हवंय का ते बघा, डिडक्टिबल म्हणजे क्लेममध्ये आपण स्वतः भरायची रक्कम वाढवून बघा. गाडी कुठली आहे याने पण खूप बदलतं, सीआर-व्ही आणि हायलँडरसारख्या चोरीला जाणाऱ्या गाड्यांवर कंपन्या जास्त लावतात किंवा ट्रॅकर बसवायला सांगतात. हिवाळी टायरची सूट २०१६ पासून सगळ्या कंपन्यांना द्यावीच लागते, टायर बसवल्याची पावती ठेवा. भाड्याच्या घराचा इन्शुरन्स त्याच कंपनीकडे घेतला तर एकत्र सूट मिळते आणि काही वेळा तो जवळपास फुकटात पडतो. फोनमधल्या ॲपवर चालवणं मोजून सूट देणारे प्लॅन नव्या मुलांसाठी चांगले असतात, पण स्कोअर वाईट आला तर पैसे वाढतात का हा प्रश्न आधी विचारा. क्रेडिट स्कोअर ऑन्टारियोत गाडीच्या इन्शुरन्ससाठी वापरता येत नाही, तेव्हा नवीन आलेल्यांनी त्याची काळजी करू नये.

१ जुलै २०२६ पासून अपघातानंतर मिळणाऱ्या लाभांपैकी फक्त उपचार, पुनर्वसन आणि शुश्रूषेचा भाग सक्तीचा राहतो, बुडालेल्या पगाराची भरपाई वगैरे ऐच्छिक. स्वस्त दिसतंय म्हणून ते काढून टाकू नका, नोकरीत दुसरं कव्हर नसेल तर ते ठेवाच. आणि पैसे शक्य असेल तर वर्षाचे एकदम भरा, हप्ते घेतले तर एकही हप्ता चुकू देऊ नका, पैसे न भरल्यामुळे रद्द झालेली पॉलिसी पण दुसऱ्या वहीत लिहिली जाते आणि नवीन ड्रायव्हरला ती फार महागात जाते.

फोन करताना हे समोर ठेवा: जी-वन, जी-टू, जी या तिन्ही तारखा, बीडीई पूर्ण झाल्याची तारीख आणि ती रेकॉर्डवर आल्याचा कागद, आरटीओचं पत्र, नो क्लेम बोनसचं पत्र, घरातल्या सगळ्या लायसन्सवाल्यांची नावं, गाडी रोज किती किलोमीटर आणि कुठपर्यंत जाते. भाचीचं मी एका पातळ फाइलमध्ये घालून दिलंय, पहिल्या पानावर जी-टूची तारीख लाल पेनने लिहिली आहे आणि खाली ती आमच्या पॉलिसीवर ड्रायव्हर म्हणून कधी आली ती तारीख. दोन्हीत एकाच दिवसाचा फरक आहे.